संप मिटू द्या, मग बघू

वाळूजच्या त्या कंपनीत मी कामाला लागले तेव्हा माझा मुलगा नुकता शाळेत जायला लागला होता. मोटारींच्या आत वायरींची जी जुडगी असतात, ती तिथं बनायची. फळीवरच्या खुंट्यांमधून रंगीत वायरी ओढायच्या, टोकं जुळवायची, टेप गुंडाळायचा आणि फळी पुढं सरकवायची. आमच्या लाइनवर सगळ्या बायकाच होत्या. कुणी आजूबाजूच्या खेड्यांतून कंपनीच्या बसनं यायच्या, कुणी शहरातून. माझं माहेर लासूर स्टेशनचं, सासर छावणीला लागून. नवरा गुलमंडीत एका कापडाच्या दुकानात साड्या दाखवायचा. मला घरात करमत नव्हतं, म्हणून मी बाहेर पडले.

आम्ही सगळ्या ठेकेदाराच्या. आतले पुरुष पर्मनंट, त्यांची युनियन होती. बाई पोटुशी राहिली की ठेकेदार गोड बोलून सांगायचा, "बाळंतपण उरकून या, जागा तुमचीच हाय." परत आलं की जागेवर दुसरी उभी असायची. त्यामुळं बायका शेवटपर्यंत सांगायच्या नाहीत. ॲप्रन सैल बांधायच्या आणि पोट फळीला लागू नये म्हणून तिरक्या उभ्या राहायच्या.

युनियनच्या अध्यक्षांना सगळे दादा म्हणायचे. गंगापूरकडच्या जमीनवाल्या घरातले, पण नोकरी मशीनवरची. आवाज असा की माइक लागत नसे. एकदा गेटवर लाठ्या चालल्या तेव्हा ते मागं सरले नव्हते. कपाळावर त्याची खूण होती. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढचं ऐकून कुणालाही वाटेल की हा माणूस ढोंगी असणार. तसा तो नव्हता. ठेकेदारीतल्या बायकांना कायम करा आणि बाळंतपणाची भरपगारी रजा द्या, ही मागणी पहिल्यांदा त्यांनीच युनियनच्या मागण्यांत घातली. त्यांचीच माणसं कुरकुरली, "दादा, बायांपायी आपलं अडकंल." दादा म्हणाले, "अडकू द्या. राबायला त्या बी आतच हायत की."

आणि अक्कांना आमच्याकडं आणलं तेही त्यांनीच. स्वतः छावणीत त्यांच्या घरी गेले आणि म्हणाले, "बायका माझ्यापुढं बोलत न्हाईत. त्यांना बोलतं करायला तुम्हीच पाहिजे."

अक्कांचे वडील लष्कराच्या मेसमध्ये स्वयंपाकी होते. धम्म स्वीकारलेलं घर. पौर्णिमेला विहारात जायचं आणि मुलींना शिकवायचं, एवढं त्या घरात पक्कं होतं. अक्का आधी शाळेत शिकवत होत्या. मग नोकरी सोडली आणि पूर्ण वेळ याच कामाला लागल्या: धुणंभांडी करणाऱ्या बायका, वीटभट्टीवरची माणसं, कारखान्यातले ठेकेदारीचे कामगार. केस कापलेले, पायात कॅनव्हासचे बूट, बसायला जुनी स्कूटी. पोलिसांशी दखनीत बोलायच्या, "साब, लाठी बाजू में रखो, पैले चाय पियो, सुबे से खडे हो," आणि पोलीस खरंच चहा प्यायचे. दुसऱ्या मिनिटाला त्याच पोलिसांच्या तोंडावर घोषणा.

पहिली बैठक माझ्याच घरी झाली. आम्ही दहा-बारा जणी पदर सावरून बसलो होतो. अक्कांनी कायदा सांगितला नाही, भाषण केलं नाही. त्यांनी विचारलं, "लाइनवर तुम्हाला सगळ्यात जास्त चीड कशाची येते?"

मग खेड्यातली एक थोराड बाई खाली बघत म्हणाली, "संडासला जायचं तर सायबाला इचारावं लागतं. त्यो घड्याळ बघतो. आल्यावर पुन्यांदा बघतो. चारचौघींत इचारतो, येवढा येळ काय करत होती."

ती बोलली आणि मग सगळ्याच बोलायला लागल्या. अक्का ऐकत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "मग इचारू नका."

"म्हंजे?"

"म्हंजे इचारायचं नाय. सगळ्यांनी संगं उठायचं आन् संगं जायचं. किती जणींचं घड्याळ बघंल तो?"

दुसऱ्या दिवशी चहाच्या आधी त्या थोराड बाईनं टेप खाली ठेवला आणि ती उठली. तिच्या मागं मी. मग पूर्ण लाइन. फळ्या जागच्या जागी थांबल्या. सुपरवायझर आमच्यापुढं उलटा चालत "काय झालं, काय झालं" करत होता. आत गेल्यावर आम्हाला हसूच आवरेना. भिंतीला टेकून, तोंडात पदर कोंबून हसलो. एवढं हसू त्या कंपनीत मला पुन्हा कधी आलं नाही. त्या दिवसापासून विचारायचं बंद झालं.

मग संप झाला. पर्मनंट आणि ठेकेदारीतले एकत्र बाहेर पडले, असं आमच्या बाजूला तोवर कुणी पाहिलं नव्हतं. गेटसमोर मांडव घातला. एका अंगाला पुरुष, एका अंगाला आम्ही. दादा आणि अक्का पाळीपाळीनं बोलायचे. दादा बोलले की पुरुष उठून उभे राहायचे. अक्का बोलल्या की लोक पुढं सरकून बसायचे. मला तेव्हा वाटायचं, ही दोन माणसं एकत्र असली तर कंपनीला कधी ना कधी बोलणी करावीच लागणार. खरं तर कंपनीचा निरोपही यायला लागला होता.

दादांच्या बायकोला आम्ही वहिनी म्हणायचो. त्या रोज दुपारी रिक्षातून भाकरी, ठेचा आणि पिठल्याचं पातेलं घेऊन यायच्या. सगळ्यांना वाढायच्या, बोलायच्या मात्र कमी. एके दिवशी नळावर भांडी धुताना मी पाहिलं, त्या डाव्या हातानंच सगळं उरकत होत्या. उजवा हात पदराखाली.

"वहिनी, हाताला काय झालं?"

"पडले."

मी पातेलं घ्यायला पुढं झाले आणि पदर सरकला. मनगट सुजून काळंनिळं झालं होतं आणि वर दंडावर बोटांचे वळ होते. पडल्यानं बोटांचे वळ उठत नाहीत. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि नळ सोडून दिला, पाण्याचा आवाज व्हावा म्हणून.

मी त्यांना काही विचारलं नाही, अक्कांना जाऊन सांगितलं. अक्का आल्या, वहिनींच्या शेजारी उकिडव्या बसल्या आणि भांडी विसळायला लागल्या. भांडी संपत आली तेव्हा वहिनीच बोलल्या, "आजचं न्हाई हे. लगीन झाल्यापासून हाय. बाकी माणूस वाईट न्हाई, अक्का. मला पोलिसात जायचं न्हाई, घर सोडायचं न्हाई. फकस्त येकदा कुणीतरी त्यांना इचारावं. आजपर्यंत कुणी इचारलंच न्हाई."

अक्कांनी विचारलं. मांडवामागं, एकटं गाठून. मी थोड्या अंतरावर उभी होते. दादा रागावले नाहीत. त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "अक्का, चुकलं माझं. पण ही घरातली गोष्ट हाय. संप मिटू द्या, मग बघू."

अक्का एवढंच म्हणाल्या, "पुन्हा हात उगारू नका."

नंतर दोन दिवस वहिनी जेवण घेऊन आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या दोन्ही पोरांना घेऊन अक्कांच्या दारात उभ्या होत्या. बाहेर सांगितलं म्हणून त्यांना मार बसला होता आणि आता मनगट मोडलं होतं. अक्का त्यांना दवाखान्यात घेऊन गेल्या. हाताला प्लास्टर घातल्यावर वहिनी आपणहून म्हणाल्या, "आता पोलिसात चला." मी बरोबर होते म्हणून सांगते, अक्कांनी त्यांना भरीला घातलं नाही. उलट दोनदा विचारलं, "नीट इचार केला का? संप चालू हाय, गवगवा होईल." वहिनी म्हणाल्या, "व्हय, केला."

गवगवा झालाच. दुपारपर्यंत ते गेटच्या आत पोचलं. मॅनेजमेंटची माणसं पानटपरीवर बसून हसत होती. संध्याकाळी सभा लागली. अक्का उठल्या तेव्हा पुरुषांच्या बाजूनं कुणीतरी ओरडलं, "किती दिले कंपनीनं?"

अक्कांनी तिकडं पाहिलं नाही. त्या म्हणाल्या, "आपण या गेटवर काय मागतो? आम्हाला माणसासारखं वागवा. आपल्यातल्याच एकाच्या घरात बाई माणसासारखी राहत नसंल, तर ते मी कुणाच्या गेटवर जाऊन मागू? माझं दादांशी वैर नाय. ही केस संपेपर्यंत त्यांनी अध्यक्षपद सोडावं. संप चालू राहील. मी कुठं जात नाय."

मग जो गोंधळ उडाला तो आजही माझ्या कानात आहे. "संप मिटू द्या, मग बघू!" सगळे तेच ओरडत होते. काही जण रागानं, काही जण हात जोडून. एक म्हातारा कामगार अक्कांच्या पायाजवळ बसून म्हणाला, "पोरी, चार दिस थांब. पदरात पडायला आलंय गं." अक्कांनी त्याला हाताला धरून उठवलं, पण बोलणं मागं घेतलं नाही. दादा खाली मान घालून बसले होते. त्यांनी तेव्हा उठून "होय, मी बाजूला होतो" असं म्हटलं असतं तर काय झालं असतं, हा विचार मी किती वेळा केला असेल.

आम्ही काही बायका अक्कांच्या बाजूला जाऊन उभ्या राहिलो. काही जागेवरून हलल्या नाहीत. त्या थोराड बाईनं, जी लाइनवर पहिली उठली होती, गुडघ्यात डोकं घातलं. तिच्या घरात तिची एकटीचीच कमाई होती. मी तिला कधी दोष दिला नाही.

त्यानंतर संप आठवडाभरही टिकला नाही. पुरुषांच्या पुढाऱ्यांनी कंपनीशी वेगळी बोलणी केली. त्यांना पगारवाढ मिळाली. बायकांचं कलम त्या कराराच्या कागदावर नव्हतंच. सकाळी गेट उघडलं, भोंगा झाला आणि पर्मनंट लोक आमच्या समोरून आत गेले. कुणी मान खाली घालून, कुणी मुद्दाम मोठ्यानं बोलत. थोड्या वेळानं एक बस आली. त्यातून नव्या पोरी उतरल्या. नवा ठेकेदार, नवी लाइन. आम्ही मांडवात बसून राहिलो. मग मांडववाला बांबू काढायला आला.

माझी नोकरी गेली, तशी आमच्यातल्या सगळ्यांचीच गेली. अक्कांच्या बाजूला उभ्या राहिलेल्यांची गेली आणि बसून राहिलेल्यांचीही. मी पुढं घरीच डबे करायला लागले. औद्योगिक वसाहतीतल्या एकट्या राहणाऱ्या मुलांना पोचवते. माझं बरं चाललंय. सगळ्यांचं तसं झालं नाही.

वहिनी पोरांसह अक्कांकडंच राहिल्या. छावणीतल्या त्या दोन खोल्यांत पोरांचा दंगा चालायचा आणि अक्का त्यांना ओरडायच्या नाहीत. प्लास्टर निघालं. हात थोडा वाकडा जुळला होता. मग वहिनींचा भाऊ आला, मग सासू आली. सासू दारातच बसली, आत आली नाही, पाणीही घेतलं नाही. का घेतलं नाही ते सगळ्यांना कळलं; अक्कांनी तांब्या परत आत नेऊन ठेवला. बोलणं झालं. पोरीच्या लग्नाचं कसं होईल, पोराच्या वाट्याच्या जमिनीचं कसं होईल, असं सगळं. दुसऱ्या दिवशी वहिनींनी बॅग भरायला घेतली.

"अक्का, राग आला का?"

"नाय."

"तुमचा संप माझ्यापायी मोडला."

अक्का पोरीच्या वेणीला रिबन बांधत होत्या. म्हणाल्या, "तुझ्यापायी नाय मोडला. तुला जायचं तर जा, घर तुझं हाय. पण पुन्हा त्यानं हात लावला तर इकडंच यायचं, माहेराला नाय."

वहिनी गेल्या. केस तडजोडीत निघाली. अक्का त्या दिवशी जेवल्या नाहीत, हे मला शेजारणीनं सांगितलं.

त्यानंतरही अक्का थांबल्या नाहीत. क्रांती चौकात धरणं असलं की त्या तिथं असायच्याच. आशा कार्यकर्त्यांचा मोर्चा असो, अंगणवाडीच्या बायकांचा असो. पण वाळूजच्या गेटवर त्यांना पुन्हा कुणी बोलावलं नाही. युनियनवाले त्यांचं नाव काढलं की म्हणायचे, "ती बाई? ती घरं फोडती." चळवळीतले मोठे लोकही खासगीत म्हणायचे, बाईचं बरोबर होतं, पण वेळ चुकली.

खूप वर्षांनी मी नवऱ्याचा विसरलेला चष्मा द्यायला गुलमंडीत दुकानावर गेले होते. लग्नसराई होती, गादीवर साड्यांचा ढीग. एक कुटुंब बस्ता बांधायला आलेलं. मी चष्मा देऊन निघणार, तेवढ्यात कुणीतरी हाक मारली. दादा. केस पांढरे, कपाळावरची खूण तशीच. मुलीचं लग्न ठरलं होतं. त्यांनी माझ्या मुलाची चौकशी केली, चहा मागवला. आणि मग, बोलता बोलता, अगदी सहज म्हणाले, "बघा, तुमच्या अक्कांनी युनियन मोडली नसती तर आज तुम्ही बी पर्मनंट असता."

मी काही बोलायच्या आत मागून आवाज आला, "युनियन अक्कांनी न्हाई मोडली."

वहिनी. हातात जरीची साडी तशीच धरलेली. आवाज मोठा नव्हता, पण दुकानातली सगळी माणसं थांबली. त्यांच्या मुलीनं वर पाहिलं. दादा म्हणाले, "आगं, जुनं झालं ते."

"जुनं झालं म्हणून सांगते. अक्कांनी न्हाई मोडली."

त्या गादीकडं वळल्या. साडी माझ्या नवऱ्यापुढं ठेवून म्हणाल्या, "ही घ्या बाजूला." दादा चहाच्या पेल्याकडं बघत राहिले.

मी तिथून थेट छावणीत गेले. मला वाटलं होतं, हे ऐकून अक्कांना बरं वाटेल. तोवर त्यांचा आवाज बसला होता, घशाचं दुखणं लागलं होतं, जवळ जाऊन ऐकावं लागायचं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बरी हाय का पण ती?"

"बरी दिसली."

मग मला राहवलं नाही. एवढ्या वर्षांत जे विचारलं नव्हतं ते विचारलं. "अक्का, संप मिटेपर्यंत थांबला असता तर?"

अक्कांनी घोटभर पाणी पिऊन घसा ओला केला. "तुला काय वाटतं, मला येत नाय तो इचार? लाइनवरची एकेक बाई आठवती मला. ती पहिली उठलेली, ती आता दुसऱ्यांच्या घरी फरशी पुसती. मी भेटले तर तोंड फिरवती. बरोबर हाय तिचं." मग हळूच म्हणाल्या, "माझं लग्न झालेलं, माहीत हाय ना तुला? चळवळीतलाच माणूस. लई हुशार. भाषण असं करायचा की माणसं रडायची. घरी मला मारायचा. मी आमच्या जाणत्या लोकांना सांगितलं. सगळे म्हणले, आंदोलन संपू दे, मग बघू. मी थांबले. एक संपलं की दुसरं सुरू व्हायचं. पोटातलं लेकरू गेलं माझं त्यात. मग मी सुटले, पण लई उशिरा."

मी त्यांचा हात धरला. त्यांनी काढून घेतला नाही, पण माझ्याकडं पाहिलंही नाही.

"थांब म्हणायला सगळे होते," त्या म्हणाल्या. "तिला थांब म्हणायचं माझ्या तोंडून निघालं नाय. त्याचं वाईट वाटत नाय मला. पण तुमच्या नोकऱ्या गेल्या त्याचं वाटतं. दोन्ही खरं हाय. त्यातलं एक खोटं करता येत नाय मला."

अक्का गेल्या वर्षी गेल्या. विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. हॉल भरला होता. शहरातले मोठे लोक आले, त्यांनी अक्कांच्या धाडसाबद्दल सांगितलं, त्यांनी किती बायकांना रेशन कार्ड, पेन्शन मिळवून दिलं ते सांगितलं. वाळूजचा संप कुणाच्याच भाषणात आला नाही. मला बोलायला लावलं तेव्हा मी तोच सांगितला. कसा उभा राहिला, का मोडला आणि अक्कांना त्याचं किती वाईट वाटायचं. सूत्रसंचालकानं माझे आभार मानले आणि पुढच्या वक्त्यांना बोलावलं.

कार्यक्रम संपल्यावर आमच्या लाइनवरच्या चार-पाच जणी पायऱ्यांवर बसलो. बऱ्याच वर्षांनी अशा एकत्र. प्रकृतीचं, सुनांचं बोलणं झालं आणि मग एकजण म्हणाली, "काही म्हण, अक्कांनी चार दिस थांबायला पायजे होतं."

"थांबून काय झालं असतं? दादांनी मग बघितलं असतं का?"

"बघितलं नसतं. पण माझ्या पोराचं शिक्षण झालं असतं."

त्यावर दुसरी बोलली, मग तिसरी, आणि आवाज चढत गेले. आत झाडलोट करणाऱ्या मुली दारात येऊन बघायला लागल्या. आमच्यातली एक रागानं उठून रिक्षाकडं निघाली, मग थांबून चपला शोधायला परत आली, कारण ती तशीच अनवाणी निघाली होती. आम्ही सगळ्या हसलो, तीही हसली. पण त्या प्रश्नावर आमचं एकमत झालं नाही, आणि पुढं होईल असंही मला वाटत नाही.